व्हेरी म्हणजे किती

माझ्या बोलण्यात मीठमसाला जरा जास्तच असतो, हे मला मान्य आहे. ऊन पडलं की मी भाजून निघते, रिक्षा पाच मिनिटं मिळाली नाही की मी तासभर उभी असते, आणि चहात साखर कमी पडली की तो चहा विष असतो. आमच्या माहेरी सगळेच असं बोलतात, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. माणगावकर सर भेटले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आपली फिरकी घेतोय.

कामोठ्यात एका सोसायटीच्या तळमजल्यावर, दूध डेअरी आणि मोबाइल दुरुस्तीवाला यांच्या मधोमध आमचा क्लास होता. एकच गाळा आणि त्यात प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे मी गणित शिकवायची, पलीकडे सर इंग्रजी. पहिल्या दिवशी मी ओढणीने वारा घेत म्हटलं, "इथे भयंकर उकडतं हो."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "भयंकर म्हणजे किती, बाई?"

"म्हणजे काय? भयंकर. जीव जातोय."

त्यांनी मान हलवली आणि ते बाहेर गेले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. वीस मिनिटांनी आले ते टेबलफॅन काखेत मारून. स्वतःच्या घरचा होता, पात्यांना स्वयंपाकघरातलं तेलकट चिकटलेलं दिसत होतं. तो त्यांनी माझ्या बाजूला लावून दिला आणि पुन्हा पलीकडे जाऊन शिकवायला लागले. संध्याकाळी मी म्हटलं, "अहो सर, एवढं काही नव्हतं." तर म्हणाले, "तुम्ही जीव जातोय म्हणालात."

पुढे एकदा मी डोकं फुटतंय म्हणाले, तर त्यांनी बॅच सोडून दिली आणि दारात रिक्षा आणून उभी केली. डॉक्टरांसमोर मला सांगावं लागलं की काही नाही हो, जरा ऊन लागलंय. सर शेजारीच बसले होते. रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्यासमोर जपून बोलायला लागले. माझ्या नवऱ्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, या सरांना आपल्या घरी राहायला बोलवूया.

सर आधी बंदरावर नोकरीला होते. जहाजातून उतरलेला माल तपासायचा आणि काय खराब झालंय त्याचा रिपोर्ट लिहायचा, एवढंच काम, पण ते त्यांनी पंचवीसेक वर्षं केलं. "पोती फारच भिजली आहेत असं लिहिलं की साहेब कागद परत पाठवायचा," ते सांगायचे. "किती पोती, कुठल्या थरातली, दाबलं तर पाणी येतं की नुसती ओलसर लागतात, ते लिहा म्हणायचा. ज्याने फार लिहिलं तो गोदामात गेलेलाच नाही, असं तो धरून चालायचा." निवृत्त झाल्यावर शेजारच्या मुलाला शिकवता शिकवता त्यांचा क्लास झाला. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, एक पुतण्या विचुंब्याला राहायचा. यापलीकडे मी विचारलं नाही आणि ते आपणहून सांगणाऱ्यांतले नव्हते.

पार्टिशन प्लायवूडचं असल्यामुळे त्यांचं इंग्रजी मी अकरा वर्षं फुकटात ऐकलं. व्हेरी हा शब्द त्यांच्या क्लासात चालत नसे. निबंधात व्हेरी आला की ते पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल करायचे आणि समासात मराठीत लिहायचे, 'म्हणजे किती?' त्याची भावंडंही त्यांना ठाऊक होती. रियली, एक्स्ट्रीमली, अॅब्सोल्यूटली, सगळी गोलात जायची. एका मुलाने एकदा वैतागून विचारलं, "सर, मग हा शब्द डिक्शनरीत ठेवलाय कशाला?"

सर म्हणाले, "ठेवलाय ना, वापरायलाच ठेवलाय. आधी जे दिसलं ते सगळं लिही. लिहून झाल्यावर आणखी काही उरलं आणि त्याला शब्दच सापडत नाही असं झालं, तर व्हेरी लिही. पण बघायच्या आधी लिहिलास तर मग बघणारच नाहीस तू."

कंपनीची बस चालवणाऱ्या एकाच्या पोराने लिहिलं होतं, माय फादर इज व्हेरी टायर्ड. सरांनी त्याला उभं केलं. काय बघितलंस ते सांग म्हणाले. पोरगं हळूच म्हणालं, "काल जेवताना झोपले. घास हातातच होता." सर म्हणाले, "हेच लिही." पलीकडे माझी नववीची बॅच त्रिकोणमिती सोडवत होती, पण मी मात्र फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिले. मला रडू येत होतं आणि पोरांना ते दिसू द्यायचं नव्हतं.

जी गत व्हेरीची, तीच शेऱ्यांची. आजूबाजूच्या क्लासवाल्यांकडे मुलांच्या वह्यांवर चांदण्या असत, हसऱ्या चेहऱ्यांची स्टिकरं असत, एक्सलंट तर शुद्धलेखनालाही मिळे. सर नुसती बरोबरची खूण करायचे. बरं लिहिलं असेल तर फेअर. आणि खरोखर आवडलं तर गुड. त्याच्या वर त्यांच्याकडे काही नव्हतं. हे गुड वर्षाला एखाद्याला मिळायचं, कधी कोणालाच नाही. ज्याला मिळे तो ती वही घरी नेऊन आईला दाखवायचा आणि आईला कळत नसे की यात एवढं काय आहे.

एकदा सेक्टरातल्या एक मॅडम आल्या. नवराबायको दोघेही मुंबईला चांगल्या नोकरीत, मुलगा सातवीत. म्हणाल्या, "सर, त्याला थोडं एन्करेज करा ना. डिमोटिव्हेट होतो तो. निदान व्हेरी गुड तरी लिहीत जा."

"मी रोज त्याची वही वाचतो," सर म्हणाले.

"हो, पण लिहीत काहीच नाही तुम्ही."

"त्याने अजून काही बघितलेलं नाही. बघेल. घाई कशाला?"

त्या मॅडमनी मुलाला पुढच्या महिन्यात काढलं. मी सरांवर चिडले. म्हटलं, एक शब्द लिहायला तुमचं काय जातं? सर म्हणाले, "माझं काही जात नाही. पण ज्यांना खरं गुड मिळालंय, त्यांचं जातं." हा माणूस धंदा कसा करणार, असा विचार मनात आला. पण अकरा वर्षं क्लास भरलेला होता, हेही खरं.

कांचन घरत ही गव्हाणची मुलगी. आठवीत असताना क्लासला आली. वडिलांची पूर्वी मिठागरं होती, नंतर जमीन गेली, त्या बदल्यात प्लॉट आले आणि घरात रेती-सिमेंटचा धंदा सुरू झाला. मोठा भाऊ तो धंदा बघायचा आणि कांचनला रोज गाडीने क्लासला सोडायचा. आमच्याशी ती अगदी छापील मराठी बोलायची, पण भावाचा फोन आला की लगेच "आले रे, जरा थांब, मॅडमचा तास हाय" असं सुरू व्हायचं. गणितात ती यथातथाच होती, हे मी शिक्षिका म्हणून सांगून टाकते.

त्या वेळी विमानतळासाठी उलव्याकडे डोंगर फोडायचं काम चाललं होतं आणि सुरुंगाचे आवाज तिच्या गावात येत. सरांनी 'आवाज' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. बाकी सगळ्यांनी व्हेरी लाउड, व्हेरी व्हेरी लाउड लिहिलं. कांचनने लिहिलं की सुरुंगाआधी भोंगा वाजतो, आणि भोंगा वाजला की माझी आई चुलीवरचं पातेलं उतरवून जमिनीवर ठेवते आणि त्याच्यावर हात ठेवून बसते. आवाज कसा होता, ते तिने लिहिलंच नव्हतं.

त्या दिवशी सर पार्टिशनच्या कडेने माझ्याकडे डोकावले. त्यांनी भर तासात असं कधी केलं नव्हतं. वही माझ्यासमोर धरली आणि "वाचा" एवढंच म्हणाले. खाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, गुड. कांचनला पुढच्या सात वर्षांत आणखी तीन गुड मिळाले. एकूण चार. क्लासात दुसऱ्या कोणाला दोनही मिळाले नव्हते.

पनवेलच्या कॉलेजात तिचं बीए झालं, तरी दर शनिवारी ती सरांकडे यायची आणि लहान मुलांच्या वह्या तपासायला मदत करायची. तिला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. दूर दक्षिणेत एक संस्था आहे, तिथे दोन वर्षं राहून इंग्रजी शिकवायचं कसं ते शिकवतात, हे तिनेच शोधून काढलं. घरात आठवडाभर वादावादी झाली. शेवटी वडील, नामदेवशेठ, स्वतः क्लासवर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि मुलांच्या बाकावर बसताना झालेली पंचाईत. म्हणाले, "सर, आमच्यात पोरींना एवढ्या लांब कोन धाडत नाय. पन मी शब्द दिलाय तिला. हॉस्टेलसकट जागा मिलाली तर जा, मी आडवा येनार नाय. नाय मिलाली तर आपल्या हापिसात बस. बिलं लिवाला घरचं मानूस पायजे. तुमी सांगा, मिलंल का?"

सर म्हणाले, "तिला मिळायला हवी."

"मग झालं," म्हणून ते उठले. सरांच्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास होता.

संस्थेची रीत अशी होती की अर्ज मुलीने करायचा, आणि शिफारशीचा फॉर्म तिच्या शिक्षकांना वेगळा मेलवर यायचा. सरांचा मेल मीच बघायची. त्यांना कॉम्प्युटरचं वावडं नव्हतं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकलेलं, पडद्यावरचं काही दिसत नसे. दुपारच्या दोन बॅचच्या मधे मी लॅपटॉप उघडून बसले आणि सर शेजारी उभे राहिले.

फॉर्मवर आठ ओळी होत्या. भाषेवरची पकड, विचार करण्याची ताकद, कष्टाची तयारी वगैरे. प्रत्येक ओळीपुढे चार कप्पे होते. गुड, व्हेरी गुड, एक्सलंट, एक्सेप्शनल. त्यातला एक निवडायचा.

"शेवटचा ना, सर?" मी विचारलं.

"गुड," सर म्हणाले.

"सर, गुड हा इथे सगळ्यात खालचा कप्पा आहे. त्याच्या खाली काहीच नाही."

"खाली नसेल. पण ती गुड आहे. व्हेरी गुड म्हणजे काय हो? गुडला फुगा बांधलेला."

"अहो, तुमचं गुड आपल्याला माहितेय. त्या लोकांना काय ठाऊक? त्यांना वाटेल मुलगी अशीतशीच आहे."

"त्यासाठी खाली लिहायला जागा दिली आहे ना? तिथे सगळं लिहू. वाचणारा शिक्षकच असेल. त्याला कळेल."

मी दहा मिनिटं डोकं आपटलं. गोडीने सांगितलं, चढ्या आवाजात सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "बाई, मी तिचं खोटं कौतुक केलं तर तिला मी दिलेल्या त्या चार शेऱ्यांना काय अर्थ राहिला?" आणि मग म्हणाले, "घ्या, लिहून घ्या," आणि खालचा मजकूर सांगायला लागले. तो मजकूर मी आयुष्यात विसरणार नाही. ते पातेलं त्यात होतं. एका पाचवीतल्या मुलाची चूक त्याला न दुखवता तिने कशी दाखवली, तेही होतं. एकही विशेषण नव्हतं आणि ती मुलगी समोर येऊन उभी राहत होती.

पण राहिलेले कप्पे भरायचे होते, आणि माझं डोकं तापलेलं होतं. आता मी जे सांगतेय ते मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. सरांना पडदा दिसत नव्हता. ते खिडकीपाशी जाऊन चष्मा पुसत उभे होते. मी आठही ओळींत शेवटचा कप्पा दाबला असता तर त्यांना जन्मात कळलं नसतं. हे मला त्या क्षणी सुचलं होतं. सुचलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पण मी मनात म्हटलं, एवढा ताठा आहे ना, घ्या मग तुमचं गुड. आणि आठ वेळा गुड दाबून मी फॉर्म पाठवून दिला. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. माझं ऐकलं नाही, याचा राग होता, बाकी काही नाही.

दीड महिन्याने कांचन आली ती फोन पुढे करूनच. मेलमध्ये दोनच ओळी होत्या, तुमची निवड झालेली नाही. ती रडत नव्हती. मीच कासावीस झाले आणि तिच्यासमोरच स्पीकर लावून संस्थेत फोन केला. तिकडची बाई बोलायला चांगली होती. म्हणाली, अर्ज इतके येतात की आधी शिफारशीच्या कप्प्यांना मार्क देऊन चाळणी करतो, वरच्यांचीच पत्रं वाचतो. "तुमच्या मुलीला तिच्या सरांनी आठही ठिकाणी सगळ्यात कमी, नुसतं गुड दिलंय, मॅडम. असं सहसा कोणी देत नाही. आम्हाला वाटलं, काहीतरी प्रॉब्लेम असेल." पत्र उघडलंच नव्हतं कोणी.

मी फोन ठेवला आणि पार्टिशनला वळसा घालून पलीकडे गेले. दहावीची बॅच बसलेली होती. त्यांच्यादेखत मी सरांना वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुमच्या हट्टापायी पोरीच्या आयुष्याची माती झाली. म्हटलं, तुम्हाला मुलांपेक्षा तुमचा शब्द मोठा. म्हटलं, असलं मोजमाप बंदरावर ठीक होतं, पोरं म्हणजे पोती नव्हेत. हे शेवटचं वाक्य आठवलं की अजून मला घास गिळवत नाही.

सर ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पत्र वाचलं नाही त्यांनी?"

"नाही."

ते खुर्चीवर बसले. "बटणं तर तुम्हीच दाबलीत ना, बाई," एवढं ते म्हणू शकले असते, आणि माझं तोंड बंद झालं असतं. ते म्हणाले नाहीत. त्यांच्या मनातही आलं नसेल. मी वाट बघत होते की म्हणतील, आणि म्हटले नाहीत म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

दारात कांचन उभी होती. म्हणाली, "मॅडम, असं नका बोलू. सरांनी मला आठ वेळा गुड दिलंय." आणि ती हे अभिमानाने म्हणाली.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, मला गव्हाणला घेऊन चला. आम्ही रिक्षाने गेलो. नामदेवशेठचं ऑफिस रस्त्यालाच होतं, मागे रेतीचे ढीग, पुढे काचेचं दार. कांचन टेबलापाशी बिलं करत होती. वडिलांनी आमच्यासाठी कोल्ड्रिंक मागवलं, मग सर घेत नाहीत म्हणून चहा मागवला. सर उभेच राहिले आणि म्हणाले, "तुमची मुलगी फार हुशार आहे. अतिशय हुशार आहे. माझ्या चुकीमुळे तिची जागा गेली. तिला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू द्या."

अकरा वर्षांत त्यांनी कोणाबद्दल फार हा शब्द वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला. कांचननेही पहिल्यांदाच ऐकला असणार, कारण तिने मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला. मेल दाखवताना ती रडली नव्हती, आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नामदेवशेठ माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "सर, तुमी कशाला एवढं मनाला लावताय? शब्द एकदाच दिलेला. पोरगी घरात हाय, धंदा शिकतेय, काय वाईट नाय झालं." मी तिथे खुर्चीवर बसून चहा प्यायले. सरांनी 'माझ्या चुकीमुळे' म्हटलं तेव्हा मी कपाकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, एकच. नवरा म्हणतो, तुझी जीभ झोपेतही गप्प बसत नाही. त्या दिवशी नेमकी बसली.

पुढच्या वर्षी सरांनी कांचनला फोन करून विचारलं, अर्ज करतेस का, या वेळी सगळे कप्पे शेवटचे भरतो. ती म्हणाली, "नको सर, दादाने दुसरं दुकान काढलंय, इथलं सगळं मीच बघते." दर शनिवारचं येणं तर आधीच थांबलं होतं. ती रागावून थांबली असं मला वाटत नाही. तिचे शनिवारच गेले.

आणि सर बदलले. सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदा माझ्या बॅचमधल्या एका मुलाची इंग्रजीची वही खाली पडली, मी उचलून दिली. हे महाशय म्हणजे अभ्यासाशी सात जन्मांचं वैर. कुत्र्यावरचा निबंध होता, पाठ केलेला, गाइडातला. खाली सरांच्या त्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, एक्सलंट, व्हेरी व्हेरी गुड. मी दुसरी वही मागितली, तिसरी मागितली. सगळीकडे तेच. गोल कुठेच नव्हता. समासात काही नव्हतं.

मी पलीकडे गेले. "सर, हे काय?"

"जगाचं माप वेगळं आहे, बाई. मी माझ्या मापाने देत राहिलो आणि मुलीचं नुकसान झालं. आता कोणाचं व्हायला नको."

"पण सर, या मुलाने काहीच लिहिलेलं नाही."

"असू दे. त्याचा फॉर्म कुठे जाईल, आपल्याला काय माहीत?"

पार्टिशनच्या पलीकडून मला आता तीच तीच वाक्यं ऐकू यायची. छान, फारच छान, वा, अप्रतिम. आया खूश झाल्या. ज्या मॅडमनी मुलाला काढलं होतं, त्यांनी धाकटीला पाठवलं. क्लास पहिल्यापेक्षा जास्त भरला आणि मला तिथे बसवेनासं झालं. जेवताना झोपलेल्या बापाची गोष्ट ज्याने ऐकवली तो मुलगा आज आला असता, तर सरांनी त्याला व्हेरी टायर्ड लिहू दिलं असतं, खाली एक्सलंट लिहिलं असतं, आणि त्या बापाच्या हातातला घास कोणालाच कळला नसता. हे मी केलं होतं. कांचनची जागा माझ्या बोटाने गेली आणि सरांचं माप माझ्या जिभेने गेलं.

दोन वर्षांनी सरांनी क्लास बंद केला आणि ते विचुंब्याला पुतण्याकडे राहायला गेले. नव्या सोसायट्या, दुसरा मजला, खाली भाजीवाले. मी जाईन जाईन म्हणत टाळत होते. शेवटी गेल्या महिन्यात गेले. रिक्षात बसल्या बसल्या मनात वाक्यं जुळवत होते, कुठे रंग भरायचा नाही, जे केलं तेवढंच सांगायचं.

पुतण्या कामावर गेला होता. सरांनी स्वतः दार उघडलं, स्वतः पाणी दिलं. मोतीबिंदू काढला होता, चेहरा बारीक झाला होता. मी बसले आणि लगेच सांगून टाकलं, कारण चहा आला असता तर मी पुन्हा कपाकडे बघत बसले असते. म्हटलं, "सर, त्या फॉर्मवर बटणं मी दाबली होती. तुम्हाला पडदा दिसत नव्हता. शेवटचा कप्पा दाबता येईल हे मला कळलं होतं, तरी रागाने दाबला नाही. नंतर सगळं तुमच्या माथी मारलं. गव्हाणलाही गप्प बसले."

सर माझ्याकडे बघत होते. तुमचं चुकलं, असं त्यांनी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. जुन्या सरांनी ते म्हटलं असतं, आणि नेमकं जेवढं चुकलं होतं तेवढंच म्हटलं असतं. ते ओझं मी उचललं असतं. ते किती आहे ते तरी मला कळलं असतं.

"छे हो," सर म्हणाले. "काहीतरीच काय. तुम्ही फार चांगल्या आहात, बाई. अतिशय चांगल्या. तुमच्यासारखी माणसं नसतात."

"सर, खरं सांगा ना मला."

"खरंच सांगतोय. मुलांसाठी खूप केलंत तुम्ही. खूपच." आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

मी बिस्किट घेतलं. काय करणार? निघाले तेव्हा नको नको म्हणत असताना ते जिना उतरून खाली आले. गेटपाशी रिक्षा थांबवली. मी आत बसले तेव्हा वाकून म्हणाले, "सांभाळून जा बाई. इथला रस्ता फार खराब आहे."

रस्ता नवाच होता, महिन्याभरापूर्वी केलेला, सिमेंटचा. नजर जाईल तिथपर्यंत एक खड्डा नव्हता. सरांना आता तो स्पष्ट दिसत होता. मी म्हटलं, "हो सर, फारच खराब आहे," आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.